पांढऱ्यावर काळं : होट्टलच्या शिळेपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

(देगलूर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. संगणकाच्या रंगांशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी विषय सांगतो, संबंध मग आपोआप कळेल.

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या असतात, पट्ट्या असतात, बटणं असतात, अक्षरं असतात. या सगळ्यांना मिळून जी रंगसंगती दिलेली असते तिला थीम म्हणतात. ती कंपनीने दिलेली असते, पण आपली आपणही करता येते. आजची तरुण मुलं ती हौसेने करतात. कुणी जांभळ्यावर गुलाबी करतो, कुणी काळ्यावर निळं करतो. रात्रभर खपून केलेली थीम दिसायला देखणी असते. आणि चार दिवसांनी तोच मुलगा गुपचूप जुन्या रंगांवर परत आलेला असतो. का? तर वाचता येत नाही. डोळे दुखतात.

आता इथे प्रश्न उभा राहतो तो माझ्या विषयातला. रंग सुंदर आहे हे आपण रंगाबद्दल बोलतो. पण "रंग वाचता येतो" हे आपण कशाबद्दल बोलतो? निळा वाचनीय आहे का? या प्रश्नाला उत्तरच नाही. निळा कशावर, केवढ्या अक्षराचा, आणि वाचणारा कोण, हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही. वाचनीयता हा रंगाचा गुण नाही, तो संबंध आहे. अक्षर, त्याच्या मागची जागा आणि वाचणाऱ्याचा डोळा, असे त्यात तीन भागीदार आहेत. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जुन्या लेखनिकांना हे तिन्ही भागीदार ठाऊक होते, आणि पडदा आल्यावर आपण त्यातला तिसरा विसरत चाललो आहोत.

शिळा, ठसा आणि पाटी

सुरुवात आपल्या तालुक्यातूनच करू. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सिद्धेश्वराच्या देवळात जाताना शिल्पांकडे लक्ष जातं, शिलालेखांकडे फारसं जात नाही. पण शिलालेख ही आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठी गमतीची वस्तू आहे. तिथे अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग एकच असतो, कारण दगड एकच! मग अक्षर दिसतं कशाने? सावलीने. खोदलेल्या खाचेत सावली पडते आणि ती सावली म्हणजे अक्षर. म्हणून ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, लेख स्पष्ट दिसतो आणि भर दुपारी तोच लेख सपाट होऊन जातो. दगड तोच, अक्षर तेच. उठाव तेवढा बदलला. हा "उठाव" शब्द लक्षात ठेवा, तो आज पुन्हा पुन्हा येणार आहे. अक्षर आणि मागची जागा यांच्या उजळपणातला फरक म्हणजे उठाव.

अभ्यासक हे लेख वाचण्यासाठी त्यांचा ठसा घेतात. ओला कागद शिळेवर चिकटवायचा, ब्रशने ठोकून तो खाचांत बसवायचा आणि वरून शाईची बोंडी फिरवायची. खाचेत शाई जात नाही. म्हणजे काळ्या कागदावर पांढरं अक्षर मिळतं. आजच्या मुलांना वाटतं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ज्याला ते डार्क मोड म्हणतात, ही नव्या जमान्याची वस्तू आहे. पुराभिलेखवाले ती केव्हापासून वापरत आले आहेत! आणि आपण सगळे तरी कशावर शिकलो? दगडी पाटीवर. काळ्या पाटीवर पांढरी पेन्सिल. मास्तरांच्या मागे काळा फळा आणि हातात खडू.

पण एक फरक नोंदवून ठेवा. पाटीवरचं अक्षर बोटाएवढं असे आणि फळ्यावरचं वीतभर. काळ्यावर पांढरं चालत असे ते मोठ्या आणि थोड्या अक्षरांसाठी. ग्रंथ मात्र कुणी काळ्यावर लिहीत बसलं नाही. ग्रंथ पांढऱ्यावर काळा. आपल्या भाषेत "पांढऱ्यावर काळं करणं" म्हणजेच लिहिणं.

हिंगूळ आणि हरताळ

आता पोथीकडे येऊ. आपल्या मराठवाड्यात खुलताबादजवळ कागजीपुरा आहे, तिथे हाताने कागद करण्याची जुनी परंपरा. हा जुना हातकागद पांढराफेक नसे. थोडा पिवळसर, सायीसारखा. त्याला खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणत. त्यावर काजळाची शाई. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी आणि तासन्‌तास खल. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा, त्यामुळे ती शाई शतकं गेली तरी विटत नाही. काळं अक्षर आणि सायीचा कागद, उठाव भरपूर. पण कागद डोळ्यांवर चमकत नाही. आज जे लोक पडद्याला "कागदी" रंग द्या म्हणतात ते याच मुक्कामाला परत येत आहेत.

काळ्याशिवाय पोथीत दोन रंग महत्त्वाचे. एक हिंगूळ, तो लाल. तो कुठे वापरत? श्लोकाचा आकडा, दंड, "उवाच"सारखे शब्द, अध्यायाची समाप्ती, समासाच्या रेघा. मजकूर लाल नसे. मजकुरात वाट दाखवणाऱ्या खुणा लाल असत. रंग कमी, जागा ठरलेल्या आणि अर्थही ठरलेला. लेखनिकाने लाल रंग उधळला असता तर वाचणाऱ्याचा डोळा कुठेच थांबला नसता. थीम करणाऱ्या आजच्या पोराला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

दुसरा रंग हरताळ. पिवळा, विषारी, सोमलाच्या जातीचा. चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई. हरताळच का? कारण तो पिवळसर कागदाच्या जवळचा रंग. काळं अक्षर कागदाच्या रंगात बुडालं की ते संपलं. यावरूनच आपण म्हणतो, "केलेल्या कामावर हरताळ फासला". विचार करा, आपल्या पूर्वजांनी खोडण्याचं साधन कोणतं निवडलं? शून्य उठाव! अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक काढून घेतला की लेखन नाहीसं होतं, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यांनी त्याचंच खोडरबर केलं. आणि आज पांढऱ्या पडद्यावर फिकट करड्या रंगात मजकूर छापणारे काय करतात? मजकूर लिहितानाच त्याच्यावर हरताळ फासतात.

समर्थांचा मध्यम मार्ग

या कलेचं मराठीतलं फार नेटकं विवेचन दासबोधात आहे. समर्थ रामदास आपल्याच मराठवाड्यातले, जांबचे, जन्म १६०८. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात बरू कसा आणावा, तो कसा तासावा, हिंगूळ जवळ ठेवावा, शाईची तयारी कशी करावी, हे सगळं येतं. अक्षराचा काळेपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असावा, समास सोडावा म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हेही येतं.

पण मला त्यातली एक सूचना सगळ्यांत मोलाची वाटते. समर्थ म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगतो : तरुणपणी फार बारीक लिहून ठेवलंत तर म्हातारपणी ते उपयोगाला येणार नाही, म्हणून मध्यम लिहावं. पाहा, लिहिणारा तरुण आहे, त्याला दिसतंय. पण अक्षराचं माप त्याच्या आजच्या डोळ्याने ठरवायचं नाही, वाचणाऱ्याच्या उद्याच्या डोळ्याने ठरवायचं. तो उद्याचा वाचणारा कदाचित तो स्वतःच असेल. तिसरा भागीदार म्हणतो तो हा.

छापखाना आला तेव्हाही हाच विचार पुढे चालला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं, आणि छपाईची शाई त्यांनी स्वतः खटपटी करून बनवली होती. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना जे रूप दिलं त्यावर आपल्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. छापखान्यात रंगाचा प्रश्न तसा सोपा होता. कागद एक, शाई एक, आणि दोन्ही छापणाऱ्याच्या हातात.

भास्वर आणि अभास्वर

आता कागदावरून पडद्यावर उडी घ्यायची आहे, आणि त्यासाठी मला माझ्या घरचा ग्रंथ मदतीला घ्यावा लागतो. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' लिहिला. न्यायशास्त्र शिकणारा विद्यार्थी आजही तिथून सुरुवात करतो. त्यात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार दिले आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. काळा वेगळा नाही, तो नीलातच येतो. पण गंमत पुढे आहे. पृथ्वीत हे सातही रंग असतात. पाण्यात फक्त शुक्ल, तोही अभास्वर, म्हणजे स्वतः न प्रकाशणारा. आणि तेजात शुक्ल असतो तो भास्वर, स्वतः प्रकाशणारा.

दोन पांढऱ्यांतला हा भेद आमच्या विद्यार्थ्यांना नुसता पाठांतराचा वाटायचा. पडदा आल्यावर तो एकदम जिवंत झाला. कागद पार्थिव. त्याचा पांढरा स्वतः प्रकाशत नाही, खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच परत देतो. खोली अंधारली की कागदही अंधारतो. पडद्याचा पांढरा भास्वर. खोलीत मध्यरात्र असली तरी तो लखलखतो. म्हणजे कागदावरचं पांढरं आणि पडद्यावरचं पांढरं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. एकावर जे चालतं ते दुसऱ्यावर तसंच चालेल असं धरून चालणं, हीच पहिली गफलत.

हिरव्या पडद्यापासून पांढऱ्या पडद्यापर्यंत

सुरुवातीचे पडदे काळे होते. त्यावर हिरवी किंवा तांबूस-पिवळी अक्षरं. काचेला आतून जो लेप असे त्याच्यावर विजेचा झोत पडला की तो चमके, झोत नाही तिथे काळं. हिरवाच का? माणसाच्या डोळ्याला सगळ्यांत जास्त संवेदना पिवळ्या-हिरव्या उजेडाची असते, थोडक्या प्रकाशात तो जास्त उजळ वाटतो. शिवाय सगळा पडदा पांढरा उजळवला की तो लुकलुके आणि डोळ्यांना त्रास होई.

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक झाला. त्याच्या पडद्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं होती. कारण त्यांच्या डोळ्यांपुढे कागद होता, पडद्यावर दिसेल तेच छापलं जावं असा आग्रह होता. १९८१ चा झेरॉक्स स्टार आणि १९८४ चा मॅकिन्टॉश याच वाटेने गेले. मग रंगीत पडदे आले. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तयार रंगसंगतींची यादीच मिळाली. त्यात 'हॉट डॉग स्टँड' नावाची एक होती, लालभडक आणि पिवळीधमक. लोक तिला आजही हसतात. पण त्या यादीने एक मोठी गोष्ट केली, रंग ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हातात दिला. पुढे लिनक्सवाल्यांनी तर पडद्याची वीट न्‌ वीट स्वतः रंगवायची मोकळीक दिली.

आणि अलीकडे पडदा परत काळा होऊ लागला आहे. त्यात फॅशन आहे तशी सोयही आहे. रात्री अंधाऱ्या खोलीत भास्वर पांढरा खुपतो, हे खरं. पण बारीक आणि लांब मजकुराचं काय? जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठात यावर प्रयोग झाले, २०१३ साली त्यांचे निष्कर्ष आले. तरुण असोत की वयस्क, उजळ पार्श्वभूमीवर काळी अक्षरं लोकांना जास्त नीट दिसली. कारण समजायला सोपं आहे. उजेड जास्त असला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि बाहुली लहान झाली की प्रतिमा रेखीव पडते. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते, आणि ज्याच्या नजरेत आधीच दोष आहे त्याला पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसतं. पाटीवर मोठं अक्षर, पोथीत काळं अक्षर, ही जुनी वाटणी प्रयोगाशी जुळते आहे.

थीम करणाऱ्याची खरी अडचण

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. थीम करणं अवघड का जातं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, थीम म्हणजे एक जोडी नव्हे. साधा मजकूर आहे, निवडलेला मजकूर आहे, सध्या न चालणारं बटण आहे, दुवा आहे, पाहून झालेला दुवा आहे, इशारा आहे, पुढची खिडकी आहे, मागे पडलेली खिडकी आहे. प्रत्येकाला अक्षराचा रंग आणि मागचा रंग लागतो. करणारा मुलगा मुख्य खिडकी सजवतो आणि ती बघून खूश होतो. निवडलेल्या ओळीवरची अक्षरं तिच्या पट्टीत बुडाली आहेत हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरं कारण फार मौजेचं आहे. एखादा प्रोग्राम लिहिणारा गृहीत धरतो की मागचं पांढरंच असणार. म्हणून तो अक्षरांना काळा रंग देऊन टाकतो, मागच्या रंगाबद्दल काही बोलत नाही. इकडे तुम्ही थीममध्ये मागचा रंग काळा केलात. झालं! काळ्यावर काळं. दोघांपैकी कुणीच एकट्याने चूक केलेली नाही, दोघांनीही अर्धंच काम केलं. न्यायशास्त्रात एक साधा सिद्धांत आहे, संबंध द्विनिष्ठ असतो, म्हणजे तो दोन ठिकाणी राहतो. मैत्री एकट्याची नसते, अंतर एका गावाचं नसतं. उठावही तसाच. म्हणून नियम असा : अक्षराचा रंग द्याल तर मागचाही द्या, नाहीतर दोन्ही वापरणाऱ्यावर सोडा. अर्धं देऊ नका.

याचंच भावंड म्हणजे पारदर्शक खिडक्या. मागे डोंगराचा फोटो, त्यावरून अक्षरं. फोटोत अर्धं आभाळ, अर्धी झाडी. एकच पांढरं अक्षर झाडीवर दिसतं आणि ढगावर नाहीसं होतं. पार्श्वभूमीच ठरलेली नसेल तर उठाव कशाशी मोजणार?

तिसरं कारण, रंग शेजाऱ्यामुळे बदलतो. फ्रान्समध्ये गोब्लाँच्या राजकीय विणकरखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळ्या रंगात दम नाही. त्यांनी तपासलं तर रंग उत्तम होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तो फिका वाटे. त्यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या पैठणीच्या विणकराला हे वेगळं सांगावं लागत नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन तो धूपछाँव विणतो. थीम करणारा मात्र रंगांच्या चौकोनी वड्यांतून एकेक रंग सुटा निवडतो, आणि ते पडद्यावर शेजारी-शेजारी आले की त्याला ओळखूही येत नाहीत.

उठाव मोजता येतो

सुदैवाने उठाव मोजता येतो. जगभरच्या संकेतस्थळांसाठी डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. रीत अशी : दोन्ही रंगांचा उजळपणा शून्य ते एक या मापात काढायचा, प्रत्येकात ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या आकड्याला लहानाने भागायचं. काळा आणि पांढरा घेतला तर उत्तर २१ येतं, ही कमाल. सारखेच दोन रंग घेतले तर १, म्हणजे हरताळ. साध्या मजकुराला निदान ४.५ हवेत, मोठ्या अक्षरांना निदान ३, आणि उत्तम म्हणायचं तर ७.

पण उजळपणा काढताना तिन्ही मूळ रंगांना सारखा मान नाही. पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. यातून जे आकडे निघतात ते डोळे उघडणारे आहेत. पांढऱ्यावर शुद्ध निळा, ८.६, उत्तम. तोच निळा काळ्यावर, २.४, वाचणं मुश्किल. पांढऱ्यावर शुद्ध लाल, जेमतेम ४. पांढऱ्यावर पिवळा, १.०७, म्हणजे जवळजवळ नाहीच. आपल्याकडे फलकांवर आवडता असणारा झेंडूचा केशरी घ्या. त्यावर पांढरी अक्षरं काढली तर सुमारे २.१, आणि काळी काढली तर पावणेदहा! आणि गडद हिरव्यावर लाल? १.३. लाल आणि हिरवा, नावं किती दूरची! पण उजळपणात दोघे सख्खे शेजारी. "रंग वेगळे आहेत" आणि "अक्षर उठून दिसतं" ही दोन वेगळी विधानं आहेत, हे यावरून पटावं.

तरीही आकडा म्हणजे सर्वस्व नाही. २०११ साली ईथन शूनोव्हर यांनी 'सोलराइज्ड' नावाची सोळा रंगांची योजना केली. उजळपणाची अंतरं मोजूनमापून ठेवलेली, तेच रंग उजळ आणि गडद दोन्ही पार्श्वभूमींवर चालावेत अशी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ती फार लोकप्रिय झाली. तिच्या उजळ रूपातला साधा मजकूर मोजला तर ४.१ येतो, म्हणजे ४.५ च्या खाली. ज्यांची नजर चांगली आहे त्यांना ती शांत वाटते. माझ्या वयाच्या माणसाला ती फिकी वाटते. दोघेही खरं सांगतात.

चिंता आणि चिता

इथे आपल्या लिपीचा प्रश्न वेगळा काढायला हवा, कारण ही सगळी मापं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून झाली. देवनागरीला उंची जास्त लागते. शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. तेवढ्याच आकारात आपलं अक्षर जास्त दाटीने बसतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आल्या, तेव्हा त्या काळच्या पडद्याच्या मोजक्या ठिपक्यांत जोडाक्षर बसवणं ही कसरतच होती. पुढे र. कृ. जोशी यांनी मंगल हा टंक घडवला आणि विंडोजमधून तो घरोघरी गेला. अक्षरकलेचा एवढा मोठा मराठी माणूस या कामात होता, याचा आपल्याला अभिमान असावा.

आता उठाव कमी झाला की आधी काय बुडतं? जे सगळ्यांत बारीक आहे ते. पडदा अक्षरांच्या कडा मऊ दाखवण्यासाठी त्यांना करडेपणा देतो. जाड रेघेचं त्याने काही बिघडत नाही, पण एका ठिपक्याचा अनुस्वार पुरताच करडा होतो. हिशोबात ४.५ आलेले असतात, डोळ्याला मिळतात त्याहून कमी. इंग्रजीत 'आय'वरचा टिंब गेला तरी शब्द कळतो. मराठीत टिंब गेलं तर 'चिंता'ची 'चिता' होते! चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढण्याची पद्धतही तशीच. ती आपल्या उकारांत शिरते आणि ऱ्हस्व की दीर्घ हेच कळेनासं होतं. म्हणून माझं सांगणं आहे की मराठीसाठी थीम करताना ४.५ वर समाधान मानू नका, सातच्या पुढे राहा.

डोळा कुणाचा?

शेवटी तिसऱ्या भागीदाराकडे येतो. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली नीट उघडत नाही. ढोबळ हिशोब असा सांगतात की विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या एकतृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो. पिवळ्या भिंगातून निळे रंग मंदावतात. म्हणजे वीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा एकाच पडद्यासमोर बसले तरी एकच पडदा पाहत नाहीत.

दुसरी गोष्ट रंगांधळेपणाची. जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच दृष्टीविषयी मँचेस्टरमध्ये निबंध वाचला, तेव्हा या विषयाचा अभ्यास सुरू झाला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्याचा भेद नीट कळत नाही. आपल्याकडेही असे लोक आहेत, आणि कित्येकांना ते स्वतःलाच माहीत नसतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचा एक ऑनलाइन अर्ज तीनदा अडकला. चुकलेल्या रकान्याची कड लाल आणि बरोबर रकान्याची हिरवी, एवढीच खूण होती. त्यांना दोन्ही कडा मातकट दिसत होत्या. शेजारी "इथे चूक आहे" असे तीन शब्द असते तर काम पहिल्या दिवशी झालं असतं. म्हणून रंगाबरोबर शब्द किंवा खूण हवीच. पोथीतला दंड लाल असे, पण तो दंडही असे. हिंगूळ उडाला तरी ओळ कुठे संपली ते कळत असे.

आज पीक विम्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत सगळं पडद्यावर आलं आहे. मग न दिसणारं अक्षर ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. कायदा आपल्या बाजूने आहे. आता करणाऱ्यांच्या सवयी बदलायला हव्यात.

चार सोप्या कसोट्या

जी मुलं थीम करतात त्यांना चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, रंग निवडून झाले की पडदा करडा करून बघा. जवळजवळ सगळ्या संगणकांत आणि फोनमध्ये ती सोय असते. करड्यात जे वाचता येत नाही ते रंगातही कुणाला तरी वाचता येणार नाही. दोन, दुपारच्या उन्हात ओट्यावर नेऊन बघा आणि रात्री दिवा मालवून बघा. शिळा तिरप्या उन्हात वाचतात, पडदा मात्र दोन्ही वेळी वाचावा लागतो. तीन, मजकुराला एकच जोडी ठेवा आणि बाकीचे रंग हिंगुळासारखे मोजून वापरा. चार, घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला दाखवा. "कसं दिसतंय?" असं विचारू नका, ते नातवाचं कौतुकच करतील. "वाचून दाखवा" म्हणा.

प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "सर, सगळ्यांनाच वाचता येईल अशी थीम केली तर ती सगळ्यांची सारखीच होणार नाही का? मग आपली आवड कुठे राहिली?" चांगला प्रश्न आहे. बाई, सगळ्या पोथ्या पांढऱ्यावर काळ्याच होत्या, पण दोन लेखनिकांचं अक्षर कधी सारखं दिसलं का? उठाव सांभाळून रंग निवडायला लाखो वाटा मोकळ्या राहतात. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पडद्यावर तुला हवं ते कर. ते तुझं आहे. पण दुसऱ्यासाठी करशील तेव्हा दोन गोष्टी कर. पहिली संगती दिसेल अशी दे, आणि बदलण्याची मुभा त्याच्या हातात ठेव. त्याचा डोळा त्यालाच माहीत.